शोभेची दारू: मैदानातली आणि अंगणातली

आज मी दारूवर बोलणार आहे, पण बाटलीतल्या नाही. तिच्यावर आपण या कार्यक्रमात पुष्कळ बोललोय. आजची दारू कागदात गुंडाळलेली असते, तिला वात असते, आणि ती दिवाळीत आपल्या दाराशी येते.

दारू हा शब्द मूळचा फारसी. तिकडे त्याचा अर्थ औषध. आपण ‘दवादारू’ म्हणतो तेव्हा तोच जुना अर्थ आपल्या तोंडी असतो. पुढे सोरा, गंधक आणि कोळसा यांच्या काळ्या भुकटीलाही दारू म्हणू लागले. ती तोफेत भरली की लढाईची, आणि करमणुकीसाठी पेटवली की शोभेची. जत्रेच्या पत्रिकेवर अजूनही ‘रात्री शोभेचे दारूकाम’ असं छापतात, ते यामुळेच. शहरातल्या पाहुण्यांना ते वाचून हसू येतं, आपल्याला येत नाही.

तर आमच्या गटांमध्ये यंदा एक वाद चाललाय. घरापुढे, गल्लीत, अंगणात फटाके उडवायला मुभा असावी का? काही जणी म्हणतात, पोरांचा वर्षाचा सण आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली रीत आहे, ती मोडणाऱ्या आपण कोण? काही जणी म्हणतात, पुढच्या घरच्या रॉकेटनं मागच्या घरची कडब्याची गंज पेटली तर जनावरांपुढं काय टाकायचं? दोन्हीकडच्या बायका शहाण्या आहेत, त्यामुळे वाद मिटत नाही. मी बी.ए.ला इतिहास घेतला होता. म्हणून म्हटलं, ‘पिढ्यान्‌पिढ्या’ म्हणजे नेमक्या किती पिढ्या, एवढं तरी बघूया.

आधी दारू नव्हती तेव्हाची दिवाळी कशी होती ते सांगते. आपल्याच जिल्ह्यातल्या पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी साधारण १७९० मध्ये ‘धर्मसिंधु’ हा ग्रंथ पुरा केला. सणवार कसे करावेत हे त्यात जुन्या वचनांच्या आधारानं सांगितलंय. दिवाळीच्या दिवसांत काय करावं? अभ्यंगस्नान करावं, दिवे लावावेत, आणि हातात उल्का, म्हणजे पेटती चूड घेऊन पितरांना वाट दाखवावी. पेटत्या चुडीत उजेड आहे, धूर आहे, आवाज मात्र नाही. आपल्याकडे गुराख्याची पोरं लव्हाळ्याची दिवटी घेऊन गाईम्हशींना ओवाळायची, ती याच जातीची गोष्ट.

आवाज करायची रीतही होती, आणि ती बायकांची होती. ‘निर्णयसिंधु’ हा त्याहून जुना ग्रंथ, १६१२ चा. त्यात एका पुराणाचं वचन दिलंय. त्याचा अर्थ असा की मध्यरात्री लोक पेंगुळले म्हणजे गावातल्या बायकांनी सूप आणि डिंडिम वाजवत अलक्ष्मीला आपापल्या अंगणातून हाकलून लावावं. म्हणजे अंगणातला दिवाळीचा जुना आवाज सुपाचा आहे. हे वाचून मला फार मजा वाटली. ज्या सुपानं आपण वर्षभर ज्वारी पाखडतो, तेच त्या रात्री वाजवायचं, आणि तेही आनंदानं. पुरुषांचं त्यात काही कामच नाही!

मग दारू कधी आली? तिचा शोध चीनचा, हजारएक वर्षांपूर्वीचा. तिकडून ती मध्य आशियातून फिरत आपल्या देशात आली. १४४३ मध्ये अब्दुर रझ्झाक नावाचा इराणच्या बाजूचा वकील विजयनगरला आला होता. विजयनगर म्हणजे आजचं हंपी, आपल्यापासून दक्षिणेला. तिथल्या महानवमीच्या उत्सवात दारूकाम बघितल्याचं त्यानं लिहून ठेवलंय. संत एकनाथांचं ‘रुक्मिणीस्वयंवर’ १५७१ च्या सुमाराचं. त्यात कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नात आतषबाजी येते. द्वापारयुगात दारू कुठून आली असं विचारू नका. नाथांनी आपल्या काळातली श्रीमंतांची लग्नं बघितली होती, तशीच ती देवाच्या लग्नात घातली. आपण नाही का गणपतीपुढं विजेच्या माळा लावत?

ही सगळी माहिती एका ठिकाणी गोळा करणारे गृहस्थ म्हणजे पुण्याच्या भांडारकर संस्थेचे परशुराम कृष्ण गोडे. देवरुखचा जन्म, आणि आयुष्यभर जुन्या पोथ्या सांभाळण्याचं काम. भारतातल्या दारूकामाच्या इतिहासावर त्यांनी निबंध लिहिला. त्यांच्यासारख्यांनी जमवलेले दाखले वाचताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. जिथं जिथं आतषबाजी आहे, तिथं राजा आहे, नाही तर मोठा सरदार, नाही तर देवाचा उत्सव. आणि ती कुठं होते? मोकळ्या मैदानात, नदीच्या काठी, गावाबाहेर.

आपल्या भागाचंच उदाहरण घ्या. सोलापूरचा किल्ला विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यात सारखा या हातातून त्या हातात जायचा. चांदबिबीचं लग्न अली आदिलशहाशी झालं तेव्हा सोलापूर हुंड्यात दिलं होतं. अख्खं सोलापूर हुंड्यात! (हुंड्यावर पुढच्या महिन्यात बोलू.) त्यानंतर १६०९ मध्ये याच दोन घराण्यांच्या माणसांत एक लग्न झालं. विजापूर दरबारच्या एका बड्या सरदाराची मुलगी आणि निजामशाहीतल्या मलिक अंबरचा मुलगा. त्या लग्नात नुसत्या दारूकामावर ऐंशी हजार रुपये खर्च झाले. त्या काळचे ऐंशी हजार. ज्या रयतेच्या सारातून तो पैसा आला, तिनं ती रोषणाई लांबून बघितली असेल. तिच्या झोपडीपुढं लवंगी फुटली नसणार, कारण विकत घ्यायला बाजारात ती नव्हतीच.

पेशवाईतही तेच. महादजी शिंदे १७९२ मध्ये पुण्याला आले. पेशव्यांच्या बखरीत एक हकीकत आहे. महादजींनी सवाई माधवरावांना कोट्याच्या राजाची दिवाळी वर्णन करून सांगितली. तिथं शहराबाहेर दारूची लंका करतात. रावण, राक्षस, वानर सगळे दारूचे, आणि मोठा मारुती. त्याच्या शेपटीला बत्ती दिली की तो उडत जाऊन लंकेची घरं पेटवतो. हे ऐकून तरुण पेशव्याला हौस आली आणि त्यानं पुण्यात तशीच लंका करवली. कुठं? पर्वतीच्या पायथ्याला. पेशव्यांनी ती पर्वतीवरून बघितली, आणि पुण्याची माणसं गर्दी करून बघायला गेली. लंका जाळायची ती गावाबाहेर, एवढी अक्कल त्या काळात होती. पुणं तेव्हा लाकडी वाड्यांचं गाव होतं.

आपल्याकडचं मैदानातलं दारूकाम तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. सोलापूरची सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा. संक्रांतीला नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळा होतो, होम मैदानावर होम होतो, आणि त्यानंतर रात्री दारूकाम. अक्कलकोटहून चाळीसेक किलोमीटर. पूर्वी माणसं बैलगाडीनं जायची, आता टमटम आणि एस.टी. पोरांना खांद्यावर घेऊन उभं राहायचं, मान वर करून बघायचं आणि परत यायचं. गावोगावच्या जत्रांतही लहान प्रमाणात हेच. दारूकाम करणारा कारागीर ठरलेला असायचा. त्याला पट्टीतून पैसे जायचे, आणि बत्ती तो देणार. गावातला कुणीही उठून वात पेटवायला जात नसे. आतषबाजी हा विशिष्ट कुटुंबांचा धंदा होता, आणि त्या घरची पोरं ती विद्या बापाकडून शिकायची.

मैदानातलं म्हणजे सुरक्षित, असंही मी म्हणणार नाही. सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात कवठे एकंद नावाचं गाव आहे. तिथं दसऱ्याला सिद्धराजाच्या पालखीपुढं रात्रभर आतषबाजी होते. ‘औट’ आणि ‘शिंगटं’ असे गावठी प्रकार असतात, आणि गावातली मंडळं ते स्वतः बनवतात. महाराष्ट्रभरातून लोक बघायला येतात. पण त्या गावानं दारू बनवताना झालेले स्फोटही बघितलेत. २०१५ च्या मे महिन्यात तिथल्या फटाक्याच्या कारखान्यात स्फोट होऊन कितीतरी माणसं गेली. आणि केरळात कोल्लमजवळ पुट्टिंगल देवीच्या देवळात १० एप्रिल २०१६ च्या पहाटे साठवलेल्या दारूनं पेट घेतला, शंभरावर माणसं मेली. ते दारूकाम परवानगी नाकारलेली असताना चाललं होतं. तेव्हा मैदान असलं तरी शिस्त लागतेच. पण मैदानात शिस्त लावता येते. हजार अंगणांत कोण लावणार?

आता मुख्य प्रश्नाकडे येते. ही दारू मैदानातून अंगणात आली कधी?

इंग्रजांच्या काळात चीनहून आणि विलायतेहून फटाके येऊ लागले, ते शहरातल्या पैसेवाल्यांसाठी. खरा बदल झाला तो तमिळनाडूतल्या शिवकाशीमुळे. शिवकाशी हा आपल्यासारखाच कोरडा मुलूख. पाऊस कमी, शेती बेभरवशाची. १९२३ मध्ये तिथले अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे दोघे भाऊबंद काडेपेटी करायची विद्या शिकायला कलकत्त्याला गेले. काही महिने राहून परत आले आणि गावात काडेपेटीचे कारखाने काढले. काडेपेटीवरून रंगीत काड्या, फुलबाज्या, मग फटाके. दुसरं महायुद्ध सुरू झालं, बाहेरचा माल थांबला आणि त्याच सुमारास, १९४० मध्ये, सरकारनं स्फोटकांचे नियम केले. परवाना घेऊन फटाके बनवायचे रीतसर कारखाने तेव्हापासून वाढले. हवा कोरडी असल्यानं दारू चांगली वाळते, मजुरी स्वस्त, आणि डब्यांवर चित्रं छापायचे छापखानेही गावातच. बघता बघता देशातले बहुतेक फटाके शिवकाशीचे झाले आणि गावातल्या किराणा दुकानात लवंगीची माळ टांगली जाऊ लागली.

म्हणजे हिशेब करा. दुकानातून पुडा आणून अंगणात फटाका वाजवायची रीत आपल्या खेड्यांत जुन्यात जुनी धरली तरी तीन-चार पिढ्यांची. आमच्या गटातल्या सत्तरी ओलांडलेल्या आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी भावाला टिकल्यांची एक डबी आणि फुलबाज्यांचा एक पुडा मिळायचा, तोही चार भावंडांत. बॉम्ब पाटलाच्या वाड्यापुढं वाजायचा. पणती, शेणाचे पांडव आणि गवळणी, अभ्यंग, लव्हाळ्याची दिवटी ही रीत खरी पिढ्यान्‌पिढ्यांची. हजाराची माळ ही आपल्या डोळ्यांदेखत आलेली आहे. जी रीत आपल्या डोळ्यांदेखत आली, तिच्यावर बोलायचा आपल्याला हक्क आहे, असं मला वाटतं. जुनी असती तरी असताच. हुंडा जुनाच होता.

पण माझ्या मनाला जास्त लागतं ते दुसरंच. हा फटाका वळतं कोण?

सोलापूर जिल्ह्यात, बार्शी तालुक्यात पांगरी नावाचं गाव आहे. १ जानेवारी २०२३. रविवार होता आणि नव्या वर्षाचा पहिला दिवस. पांगरी-शिराळे शिवारातल्या फटाक्याच्या कारखान्यात दुपारी स्फोट झाला. आत काम करत होत्या त्या बायका. आसपासच्या गावांतल्या, शेतात काम नसलं की तिथं रोजानं जाणाऱ्या. त्यातल्या काही जागीच गेल्या, काही भाजल्या. आपल्यासारख्याच बायका, कदाचित कुठल्यातरी बचत गटाच्या सभासदसुद्धा. त्याच वर्षी ८ डिसेंबरला पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडमधल्या तळवडे इथं वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाजीच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या एका शेडला आग लागली. परवाना नव्हता. दहाहून जास्त जीव गेले, आणि त्यात बहुतेक बायकाच. केकवरची ती मेणबत्ती आता आपल्याकडेही पोरांच्या वाढदिवसाला येते. अर्धं मिनिट तडतडते, सगळे टाळ्या वाजवतात.

धाराशिव जिल्ह्यातलं वाशी तालुक्यातलं तेरखेडा तर मराठवाड्याची शिवकाशी म्हणूनच ओळखलं जातं. दुष्काळी पट्टा. तिथंही हातानं कागद गुंडाळायचं, वात बसवायचं, डबे भरायचं काम बायकांकडे असतं, कारण बोटं बारीक, काम चिवटपणे करतात आणि मजुरी कमी चालते. हे ‘कारण’ आपण दुसऱ्या किती धंद्यांत ऐकलंय! खुद्द शिवकाशीजवळ मुदलिपट्टीला ५ सप्टेंबर २०१२ रोजी कारखान्याला आग लागून जवळपास चाळीस माणसं गेली.

दारू पेट कशानं घेते हे नीट समजून घ्या, कारण पोटासाठी कुणाला तिथं जावं लागलं तर उपयोगी पडेल. तिला काडीच लागते असं नाही. घासली की, आपटली की, उन्हात तापली की, ओल लागून रसायनं एकमेकांत बिघडली की ती पेटते. म्हणून नियम आहे की एका खोलीत मोजकीच माणसं बसावीत आणि मोजकाच माल असावा, खोल्या एकमेकींपासून लांब असाव्यात. दिवाळीची मागणी चढली की ठेकेदार जास्त माणसं बसवतो, झाडाखाली, घराच्या पडवीत माल वळायला देतो. माझ्याकडे कधी कधी विचारणा येते की गटाला फटाके वळायचं काम घरी मिळतंय, घेऊ का? माझं उत्तर एका शब्दाचं आहे. नाही. १८८४ चा स्फोटकांचा कायदा परवान्याशिवाय हे काम करू देत नाही, आणि कायद्याचं सोडा, चुलीच्या घरात दारू आणायची नाही.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर तोही सांगून टाकते. १९९९ पासून नियम आहे की फटाका फुटतो त्या जागेपासून चार मीटरवर आवाज १२५ डेसिबलच्या वर जाता कामा नये. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाचे फटाके बंद केले. २०१५ मध्ये दिल्लीतल्या तीन तान्ह्या बाळांच्या नावानं त्यांच्या पालकांनी अर्ज केला की आमच्या मुलांना श्वास घ्यायची हवा हवी. त्यावर २३ ऑक्टोबर २०१८ ला निकाल आला. सरसकट बंदी नाही. पण दिवाळीत रात्री आठ ते दहा एवढीच वेळ, माळा बंद, बेरियम बंद, आणि कमी प्रदूषणाचेच फटाके. दिल्लीच्या भागात ठरवून दिलेल्या मोकळ्या जागी सगळ्यांनी मिळून फटाके उडवावेत, आणि बाकीच्या शहरांनीही तसं करता येतं का ते बघावं, हेही त्यात होतं. मला गंमत वाटली. फिरून फिरून न्यायालय पर्वतीच्या पायथ्यालाच आलं की!

ते कमी प्रदूषणाचे फटाके शोधले आपल्या नागपूरच्या ‘नीरी’ या सरकारी संस्थेनं. त्यांचा धूर नेहमीच्यापेक्षा सुमारे तीस टक्के कमी. म्हणजे सत्तर टक्के आहेच. डब्यावर हिरवं बोधचिन्ह असतं. आठवड्याच्या बाजारात मिळतात त्यावर काय असतं, ते तुम्ही बघितलंय.

आणखी एक. पोरांच्या हातात आपण बिनधास्त काय देतो? फुलबाजी आणि नागगोळी. आवाज नाही म्हणून. पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशननं २०१६ मध्ये नेहमीचे सहा फटाके तपासले. सगळ्यात जास्त बारीक धूर निघाला तो नागगोळीतून! त्याखालोखाल हजाराची माळ, आणि फुलबाजी चौथ्या नंबरावर. पोर वाकून नाग कसा वर येतोय ते बघतं, तेव्हा त्याचं नाक तिथंच असतं.

आता दुसऱ्या बाजूचं म्हणणंही खोटं नाही. शहरातल्या माणसानं बाराही महिने मोटार फिरवायची आणि खेड्यातल्या पोरानं वर्षातून एकदा फुलबाजी लावली तर त्याला शिकवायचं, हे मलाही पटत नाही. फक्त दिवाळीचंच नाव घ्यायचं हेही पटत नाही. लग्नाची वरात, निवडणुकीचा गुलाल, एकतीस डिसेंबर, पुढाऱ्याचा वाढदिवस, कुठं फटाका नाही? ग्रामपंचायतीचा निकाल लागतो त्या दिवशी हरलेल्याच्या दारात मुद्दाम माळ लावतात. ती माळ आनंदाची नसते, हे आपल्याला चांगलं कळतं. त्या माळेवरून गावात डोकी फुटलेली आहेत.

बाहेरच्या देशांनी काय केलं तेही बघा. सिंगापूरमध्ये चिनी नववर्षाला फटाक्यांची मोठी रीत. १९७० मध्ये त्या सणात आग लागून सहा माणसं मेली, आणि १९७२ मध्ये त्यांनी लोकांनी फटाके उडवणं बंदच केलं. आता उत्सवात ठरलेल्या जागी, परवानगीनं दारूकाम होतं. नेदरलँड्समध्ये एकतीस डिसेंबरला घरोघर फटाके उडवायची जुनी सवय. दरवर्षी डोळे जातात, बोटं जातात, पोलिसांवर फटाके फेकतात. तिथल्या संसदेनं २०२५ मध्ये लोकांनी घरचे फटाके उडवण्यावर बंदीचा कायदा केला. छोट्या फुलबाज्या राहू दिल्या, आणि गावानं मिळून कार्यक्रम करायला वाट ठेवली. ते श्रीमंत देश, त्यांची घरं पक्की, बंब पाच मिनिटांत दारात. आपल्याकडे माळवदाची घरं, मागं कडब्याची गंज, सोयाबीनचं भुसकट, ऊसतोड्यांच्या पाचटाच्या कोप्या. बंब येणार अक्कलकोटहून, आणि रस्ता कसा आहे हे वेगळं सांगायला नको.

एक नियम वाचला आणि मी चमकले. फटाक्यांचं तात्पुरतं दुकान लावायचं असेल तर ते न पेटणाऱ्या सामानाचं, म्हणजे पत्र्याचं वगैरे असावं, दोन दुकानांत तीन मीटर अंतर असावं, समोरासमोर नसावं, आत तेलाचा दिवा नसावा, आणि राहत्या घरांपासून ते पन्नास मीटर लांब असावं. पन्नास मीटर! जो माल ठेवायला सरकार पन्नास मीटर मागतं, तोच माल आपण विकत घेतो आणि उंबऱ्यापासून पाच हातांवर पेटवतो.

म्हणून माझं मत विचाराल तर असं. घराच्या अंगणात पणती, आणि मोठ्या माणसाच्या देखत हातभर अंतरावर पोरांची एखादी फुलबाजी, तोंडापासून लांब धरून. बॉम्ब, माळ, रॉकेट, भुईनळे हे घरापुढं आणि गल्लीत नकोत. ते गावाच्या मोकळ्या जागी, आठ ते दहा, सगळ्यांनी मिळून. वरून कुणी हुकूम काढावा अशी वाट बघत बसू नका. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते, तिथं हा विषय मांडा, ठराव करा आणि तो ग्रामसभेत न्या. दारूच्या दुकानासाठी आडवी बाटली करणाऱ्या गावांतल्या बायकांनाही सुरुवातीला लोक हसलेच होते.

ठरावात काय असावं, ते सांगते. जागा कुठली, ती आधी ठरवा. शाळेचं मैदान सोयीचं दिसतं, पण शेजारी कुणाची गंज आहे का, तारा वरून जातात का, जवळ दवाखाना किंवा बाळंतीण आहे का, ते बघा. पाण्याची दोन पिंपं आणि वाळूच्या बादल्या मैदानात हव्यात. बत्ती देणारी माणसं ठरलेली, शुद्धीवर असलेली. हे मुद्दाम सांगते, कारण दोन्ही दारू एका रात्री एकत्र येतात. लग्नाच्या वरातीला आणि निकालाच्या दिवशीही हाच नियम, नाही तर दिवाळीपुरता कुणी पाळणार नाही. ज्या घराला फटाके परवडत नाहीत, त्याचं पोरही मैदानात सगळं बघू शकतं, हे ग्रामसभेत आवर्जून सांगा. आईबापांना ते लगेच पटतं.

गटानं फटाक्यांचा स्टॉल लावावा का, हाही प्रश्न आलाय. परवाना काढून, वरचे नियम पाळून, मैदानाच्या कडेला लावता येतो, आणि चार पैसे सुटतात हे खरं. पण उरलेला माल कुठं ठेवणार? एखाद्या ताईच्या घरी, धान्याच्या कोठीशेजारी. तिथं माझा विरोध आहे. आकाशकंदील, पणत्या, उटणं, फराळ यात नफा कमी असेल, पण उरलं तर रात्री झोप लागते.

कुणी भाजलंच तर चटक्याच्या जागी पंधरा-वीस मिनिटं साधं गार पाणी सोडत राहायचं. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद काही लावायचं नाही. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. डोळ्याला लागलं तर चोळायचं नाही. १०८ ला फोन करायचा. आणि दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं न फुटलेले फटाके वेचत फिरतात, त्यातली दारू कागदावर काढून एकदम पेटवतात. भाजलेल्या तोंडानं दवाखान्यात येणारी बरीच पोरं या खेळातली असतात. तेव्हा सडा टाकायच्या आधी मैदान झाडून घ्या आणि ते फुसके फटाके पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, रात्रभर.